काटा कोलंबोकडे वळला तेव्हा

१

माझी आई आता ८५ वर्षांची आहे. डोळ्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्रीची सोबत रेडिओची. गेली कित्येक वर्षं आमच्या घरी रात्री दहा ते बारा एकच एफएम केंद्र लागायचं. जुनी हिंदी गाणी, अधूनमधून एखादं मराठी भावगीत, आणि दोन गाण्यांच्या मधे हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलून बाजूला होणारा निवेदक. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी नेहमीसारखा रेडिओ लावला, तर आतून भलताच दणका सुरू झाला. आई म्हणाली, "काटा सरकलाय बघ. नीट लाव." आमच्या रेडिओला काटा नाही, आकडे दिसतात. आकडे बरोबर होते. केंद्र तेच, नावही तेच. फक्त गाणी बदलली होती.

मी केंद्राला पत्र लिहिलं, मग ईमेल केली. उत्तर आलं नाही. चार-पाच दिवसांनी आई आपणहून म्हणाली, "त्या वेळी पण असंच केलं होतं त्यांनी."

"कुणी?"

"सरकारनं. अण्णा किती चिडला होता. जेवला नव्हता एक दिवस."

अण्णा म्हणजे माझे मोठे मामा. ते आता नाहीत. १९५२ साली ते विशीत होते, आई बारा वर्षांची. घर मिरजेत, सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. घरात रेडिओ नव्हता. तो होता वाड्याच्या मालकांच्या दिवाणखान्यात, आणि संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर बसून सगळा वाडा तो ऐकायचा. आईच्या त्या एका वाक्यावरून मी शोध सुरू केला. मी इतिहासाचा किंवा संगीताचा रीतसर विद्यार्थी नाही. बारावीनंतर नोकरीला लागलो. जे वाचलं ते ग्रंथालयांत आणि रद्दीच्या दुकानांत. पण एक प्रश्न मला सोडवत नव्हता. केंद्राने गाणी बदलली की श्रोता एवढा का दुखावतो? गाणी तर दुसरीकडेही मिळतात.

२

१९५२ च्या घटनेबद्दल आपल्याकडे एक तयार वाक्य आहे: "केसकरांनी रेडिओवर सिनेसंगीताला बंदी घातली." मीही ते अनेकदा वापरलं आहे. वाचत गेल्यावर लक्षात आलं की वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. इतका दीर्घ काळ हे खातं दुसऱ्या कुणाकडे क्वचितच राहिलं असेल. पॅरिसमध्ये शिकलेला, अभिजात संगीताची जाण असलेला हा मराठी माणूस. सिनेमाची गाणी उथळ होत चालली आहेत, त्यांत पाश्चात्त्य वाद्यमेळाची उसनवारी आहे, शब्द हलके आहेत असं त्यांचं मत होतं. त्यांनी सुरुवातीला सरसकट बंदी घातली नाही. चित्रपटगीतांचं प्रमाण एकूण कार्यक्रमांच्या दहा टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं. कोणती गाणी लावायची हे गाळून घेतलं जाऊ लागलं. आणि तिसरी गोष्ट, जी आज कुणाच्या लक्षात नाही: गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणं थांबलं. सरकारी रेडिओवरून चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, असा युक्तिवाद होता. गायकाचं नाव तेवढं सांगायचं.

निर्माते यावरच बिथरले. गाणं हीच तर चित्रपटाची दवंडी. तीत गावाचंच नाव घ्यायचं नसेल तर ती पिटून काय उपयोग? त्यांनी प्रसारणाचे परवाने काढून घेतले. काही महिन्यांतच ऑल इंडिया रेडिओवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं. म्हणजे दार लोटलं सरकारने, कडी घातली निर्मात्यांनी. आणि ओट्यावर बसलेल्या श्रोत्याला या दोघांपैकी कुणीच काही विचारलं नाही, सांगितलंही नाही.

मामांची एक वही माझ्याकडे आहे. दोनरेघी, पुठ्ठा सुटलेला. रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांची नोंद: तारीख, गाण्याचा मुखडा, गायक, चित्रपट, संगीतकार. १९५२ मधल्या काही पानांवर चित्रपटाचा रकाना कोरा आहे. गायकाचं नाव आहे, पुढे रिकामी जागा. त्यातल्या काही जागा नंतर वेगळ्या शाईने भरल्या आहेत. मी बरेच दिवस ते लिहिण्यातलं दुर्लक्ष समजत होतो. नाव सांगणं बंद झाल्याचं वाचलं त्या रात्री वही पुन्हा काढली, तेव्हा त्या कोऱ्या जागांचा अर्थ कळला.

आपल्याकडे सिनेमाचं गाणं लक्षात राहतं ते चित्रपटाच्या नावासकट. ते गाण्याचं आडनाव असतं. आडनाव काढून घेतलं की गाणं ऐकू येतं, पण कुणाचं ते कळत नाही. मित्राला सांगता येत नाही, फर्माईश करता येत नाही, वहीत नीट लिहिता येत नाही. धोरण ठरवणाऱ्यांना ती जाहिरात वाटली. श्रोत्याला ती माहिती होती.

३

मग काटा कोलंबोकडे वळला.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण-पूर्व आशियातल्या सैनिकांसाठी सिलोनमध्ये एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपलं, प्रक्षेपक उरला. त्यावरूनच १९५० मध्ये रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. जाहिराती घ्यायला तिला मोकळीक होती. आपल्या रेडिओवर त्या निषिद्ध होत्या. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फीत विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज समुद्र ओलांडून मिरजेच्या ओट्यावर यायचा. मुंबईचं गाणं मिरजेला यायला कोलंबोमार्गे येत होतं. सरकारी धोरणाची यापेक्षा मोठी थट्टा कुणी लिहूनही करू शकलं नसतं. रेडिओ असलेल्या दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन लागतं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो, असा विनोद त्या काळात चालायचा. शिवाय रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. म्हणजे श्रोता पैसे दिल्लीला भरत होता आणि कान कोलंबोला देत होता.

सिलोनच्या यशाचं श्रेय आपण नेहमी गाण्यांना देतो. मला ते अपुरं वाटतं. गीतमालेच्या सुरुवातीच्या रूपाकडे पाहा. सात गाणी वाजत, त्यांना क्रमांक नसे. क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा आणि बक्षीस मिळवायचं. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली, पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला, असं सयानी सांगत. लोकप्रियतेची चढती पायरी त्यानंतर आली. ज्या वर्षी एका केंद्राने श्रोत्याला न विचारता गाणी काढून घेतली, त्याच वर्षी दुसऱ्या केंद्राने त्याच गाण्यांवर त्याचं मत मागितलं. झुमरीतलैयासारखं तेव्हाच्या बिहारमधलं आडवळणाचं गाव फर्माईश पाठवणाऱ्यांच्या नावांमुळे देशभर माहीत झालं, ते याच रिवाजातून.

सिलोनने आणखी एक गोष्ट जपली: वेळ. सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी, आणि आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं सैगलचं. वर्षानुवर्षं हेच. सैगल १९४७ सालीच गेले होते. त्यांची नवी गाणी येणार नव्हती. तरी रोज तेच ऐकायला माणसं थांबत. आई सांगते, सैगल सुरू झाला की आजोबा सदरा चढवायचे, म्हणजे दुकानाला निघायची वेळ. घड्याळ घरात नव्हतं असं नाही. पण घड्याळ वेळ दाखवायचं, सैगल निघायला सांगायचा.

म्हणून केंद्राने गाणी बदलली की श्रोत्याची आवड दुखावते, एवढंच म्हणून भागत नाही. त्याच्या दिवसाची मांडणी मोडते. घरात कुणी न विचारता देवघराची जागा बदलावी, तशातली ती तक्रार असते. देव तेच असतात, पण हात जुन्या कोनाड्याकडे जातो.

४

आता केसकरांची बाजू. ती मांडल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक होईल, कारण माझ्या कानावर झालेले बरेचसे संस्कार त्यांच्या धोरणाचेच आहेत.

१९५२ च्या जुलैतच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं भरू लागली. पुढे शनिवारी रात्री देशाच्या कुठल्याही खेड्यात बसून दीड तास एकाच कलावंताचं गाणं ऐकता येऊ लागलं, पैसे न देता, कुणाच्या मैफलीचं आमंत्रण नसताना. राजाश्रय संपलेल्या कित्येक गवयांना रेडिओने जगवलं. ऑडिशनची पद्धत आली, श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा विद्वान तिच्या प्रमुखपदी बसला. मानी कलावंतांनी त्याविरुद्ध ओरड केली, ती समजण्यासारखी होती. पण आपल्या गाण्याला कुणी गुण द्यावेत हे कलावंताला जसं सहन झालं नाही, तसंच आपल्या कानाला कुणी गुण द्यावेत हे श्रोत्याला सहन झालं नाही, हे मात्र कुणी नोंदवलेलं मला दिसलं नाही.

सिनेसंगीताची जागा भरायला रेडिओने स्वतःचं सुगम संगीत निर्माण करायचं ठरवलं. हा प्रयत्न फसला असं सरसकट म्हणतात. मराठी माणसाने तसं म्हणू नये. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून 'गीतरामायणा'चं पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. रेडिओला हार घालून, समोर उदबत्ती लावून लोक ऐकत, या आठवणी घरोघर आहेत. आमच्याही आहेत. मामांच्या वहीत गीतरामायणाची पानं वेगळी आहेत, लाल रेघ मारून. सिलोनवर जीव टाकणारा हाच माणूस शुक्रवारी सकाळी पुणे केंद्र लावायला मालकांकडे हट्ट धरायचा.

इथेच केसकरांचा सिद्धान्त मला कोसळताना दिसतो. चित्रपटी आणि बिगरचित्रपटी अशी भिंत त्यांनी गृहीत धरली होती. पण गीतरामायण कुणी केलं? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके. दोघेही चित्रसृष्टीत मुरलेले. गीताच्या तीन-चार मिनिटांत प्रसंग उभा करायचा, पात्राच्या तोंडी शोभेल असा शब्द द्यायचा, मुखड्यातच ऐकणाऱ्याला धरायचं, ही कसबं दोघांनी सिनेमाच्या कामात घासूनपुसून घेतली होती. रेडिओच्या शुद्धतेच्या धोरणाला मराठीत जे सर्वांत देखणं फळ आलं, ते सिनेमाच्याच झाडाचं होतं.

दुसरी भिंत याहून दुखरी. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात केसकरांनी भारतीय संगीताच्या अडचणींचा विचार केला आहे. मुसलमानी राजवटीत आणि उस्तादांच्या हाती संगीत धर्मापासून आणि समाजापासून तुटलं, असा त्यांचा रोख आहे. मिरजेत वाढलेल्या माणसाला हे पटणं शक्य नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले तेव्हा मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. हिंदू गवई, मुसलमान गवई, समोर सतरंजीवर सगळं गाव. त्यांच्या शिष्यांत सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांच्या शिष्यांत भीमसेन जोशी. कुठे तुटलं संगीत समाजापासून? मामा त्या दर्ग्यात पहाटेपर्यंत बसायचे आणि घरी येऊन सिलोन लावायचे. त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं, कारण ते नव्हतंच.

केसकरांना चांगलं संगीत हवं होतं, यात मला शंका नाही. पण एका माणसात दोन्ही कान असू शकतात, यावर त्यांचा विश्वास नव्हता. सिनेमाचं गाणं आवडणारा म्हणजे बिघडलेला, त्याला सुधारायचं, एवढीच त्यांच्या हिशेबात श्रोत्याची जागा होती.

५

पाच वर्षांनी माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिथेही गंमत पाहा. पहिलं गाणं चित्रपटातलं नव्हतं, मुद्दाम बसवलेलं होतं. शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे, चाल अनिल विश्वास यांची, आवाज मन्ना डे यांचा. तिघेही सिनेमात नावाजलेले! दाराशी आलेल्या पाहुण्याला आत घ्यायचं, पण तो पाहुणाच नाही असं दाखवायचं. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. ज्या दोन गोष्टी नकोत म्हणून एवढा अट्टहास केला, त्या दोन्ही पंधरा वर्षांत घरात आल्या.

हा श्रोत्याचा विजय म्हणून सांगितला जातो. मला त्यात एक तोटाही दिसतो. १९५२ पूर्वी एकाच केंद्रावर सगळं मिसळून यायचं. सिनेमाच्या गाण्याची वाट पाहणाऱ्याला मधे कीर्तन ऐकावं लागे, शेतीची माहिती ऐकावी लागे, कुणाचा तरी मुलतानी कानावर पडे. मामांना ख्यालाची गोडी अशी ओट्यावर बसून, चुकून लागली, असं ते स्वतःच सांगायचे. काटा कोलंबोकडे वळला तेव्हा हा चुकून ऐकणारा श्रोता अभिजात संगीताने गमावला. विविध भारतीने त्याला देशात परत आणलं, पण वेगळ्या खोलीत. एका खोलीत शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम, दुसऱ्या खोलीत फर्माईश. दोन्ही खोल्यांत ये-जा करणारे मामांसारखे होते, पण मधली वहिवाट मोडली. ज्या संगीताचं रक्षण करायचं होतं, त्याचंच आवार धोरणाने लहान केलं. १९५२ च्या निर्णयाची खरी किंमत माझ्या मते ही आहे, आणि ती सिनेसंगीताने दिलेली नाही.

६

माझ्या पत्राला उत्तर न देणाऱ्या केंद्राकडे परत येतो. तिथे कुणी केसकर नाही. कुणाला आमची अभिरुची सुधारायची नाही. तिथल्या निर्णयामागे तरुण श्रोता आणि जाहिरातदार यांचं गणित असावं, असा माझा अंदाज आहे. वरवर पाहता हे १९५२ च्या नेमकं उलट आहे. तेव्हा जनतेची आवड बाजूला सारली, आता आवडीच्याच नावाने सारं चालतं. पण आईच्या जागी बसून पाहिलं तर फरक दिसत नाही. तेव्हाही श्रोत्याला काय हवं ते दुसऱ्याच कुणाला आधीच माहीत होतं. आताही आहे.

भाच्याने आईला जुनी गाणी भरलेलं एक यंत्र आणून दिलं. रेडिओसारखंच दिसतं. हजारो गाणी, जाहिराती नाहीत, खरखर नाही. आईने आठवडाभर ऐकलं आणि बंद करून ठेवलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, हे फक्त माझ्यासाठी वाजतंय. बाकी कुणी ऐकतच नाही."

रेडिओवर इतकं वाचूनही मला हे सुचलं नव्हतं. मिरजेच्या ओट्यावर शेजारी माणसं होती. रात्री दहानंतरच्या एफएमला ती दिसत नसली तरी आहेत हे ठाऊक होतं. कुठेतरी वॉचमन ऐकतोय, कुठेतरी हॉस्पिटलात जागणारी एखादी नर्स ऐकतेय. केंद्र गाणी बदलतं तेव्हा ही न पाहिलेली माणसं एका रात्रीत उठून जातात, आणि कुठे गेली ते कळत नाही. १९५२ च्या श्रोत्यांना निदान भेटायला कोलंबो होतं. आजच्या श्रोत्यांची पांगापांग होते ती प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनमध्ये.

केंद्रांनी गाणी कधीच बदलू नयेत असं मी म्हणणार नाही. तसं झालं असतं तर सैगलच्या पुढे काही वाजलंच नसतं, आणि मामांची वही दहा पानांत संपली असती. माझं मागणं लहान आहे. बदलण्याआधी महिनाभर सांगा. जुन्या गाण्यांना आठवड्यातला एक तास ठेवा, आणि तो हलवू नका. आणि पत्राला उत्तर द्या. नकार असला तरी चालेल.

मामांच्या वहीत १९५२ मधला एक रकाना अजून कोरा आहे. मुखडा आहे, गायिका आहे, चित्रपट नाही. मला तो शोधता आला असता, अजूनही येईल. पण आईला विचारलं तर म्हणाली, "राहू दे. सांगितलंच नव्हतं त्यांनी." म्हणून ती जागा मी तशीच ठेवली आहे.